सोळा

मोहाले म्फुत्लाने एक नंबरची जर्सी घालायचा,
मी सोळा.
नऊ वर्षं, एकेचाळीस सामने,
आणि बाकावर बसून मी पाहिला
मैदानाचा एकच तुकडा:
गोलरेषेच्या मधोमध, त्याच्या टाचांनी उकरलेला.
तिथे गवत कधी धरलंच नाही.

आता तो सेमोन्काँगला लोकरीच्या शेडमध्ये काट्यावर असतो.
मेंढपाळ डोंगर उतरून येतात,
गाढवांवर गाठोडी, अंगावर घोंगड्या,
आणि मोहाले ओरडतो, 'बावीस किलो चारशे!'
त्याच आवाजात,
ज्या आवाजात बचावफळीला सांगायचा,
'डावीकडे, अरे डावीकडे बघ!'
कोणी बघायचं नाही.

आम्ही हरायचो. आधीच सांगून टाकतो,
नाहीतर तुम्ही वाट पाहत बसाल.
सहा सामने जिंकलो, त्यातला एक
पाहुण्यांचं सामान विमानतळावर अडकलं
आणि ते उसन्या बुटांत खेळले म्हणून.

त्याचे पहिले हातमोजे बापाचे होते,
सोन्याच्या खाणीतून आणलेले.
आत हात घातला की धूळ निघायची.
नुसतीच धूळ.

मी देवाकडे काय मागायचो, सांगू?
त्याचं बोट.
जास्त नाही. एक बोट, उजव्या हाताचं,
सहा आठवड्यांपुरतं.
चर्चमध्ये, बायकोशेजारी उभा राहून,
सगळ्यांबरोबर गाता गाता.

आणि देवाने दिलं.
जूनचा सामना, मासेरूत. थंडी अशी की
गोलच्या जाळीवर दव गोठलेलं.
चाळिसाव्या मिनिटाला तो झेपावला, हात खांबावर.
तो आवाज मला बाकापर्यंत ऐकू आला,
किंवा आला नसेल,
मी तर तो नऊ वर्षं ऐकतच होतो.

मध्यंतरात संडासामागे त्याने मोजा काढला.
करंगळीशेजारचं बोट
मेंढ्याच्या शिंगासारखं वळलेलं.
'कोचला सांगू नकोस,' म्हणाला.
'आई आलीये. पहिल्यांदाच.'

कोच दहा पावलांवर, भाजलेलं कणीस खात उभा.
एक वाक्य पुरलं असतं.
माझ्या नावापुढे आज एक तरी आकडा असता.

मी चिकटपट्टी काढली.
दोन बोटं एकत्र बांधली, घट्ट,
लंगड्या कोकराचा पाय बांधावा तशी.
तो ओठ चावून भिंतीकडे बघत राहिला.
भिंतीवर साबणाची जाहिरात होती,
त्यातली बाई हसत होती.

चांगुलपणा म्हणाल, तर तसं नव्हतं.
मी घाबरलो होतो.
आठ हजार माणसं, आणि गवत नसलेली ती जागा,
ती माझ्या मापाची नव्हती.
मला हे त्या क्षणी कळलं.
त्याला बहुतेक आधीपासून ठाऊक असावं.

तीन गोल खाल्ले.
तिसरा त्या बांधलेल्या बोटांना घासून गेला.
आई म्हणाली, 'फार वेळा पडतोस रे,'
आणि डब्यातली भाजी पुढे केली.
पेपरात आलं: म्फुत्लाने थकला.
पुढच्या सामन्याला नवा पोरगा आणला, एकवीस वर्षांचा.
मला नाही घेतलं.
दोघांचं एकाच दिवशी संपलं,
त्याचं छापून आलं.

यंदा माझी मेंढरं अकरा.
लोकर घेऊन गेलो तेव्हा रांगेत पुढे कोणी नव्हतं.
त्याने गाठोडं उचललं, ठेवलं,
तबकडीच्या काचेवर त्या वाकड्या बोटाने
दोनदा टकटक केली, काटा स्थिर व्हावा म्हणून.

पंधरा किलो आठशे.

त्याने वहीत लिहिलं, सोळा.
वर पाहिलं नाही.
मी काही बोललो नाही.
मला सवय आहे.